आधीच ठरलेला सौदा : प्रस्तावना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदार हमखास विचारतो, ‘विंडोजवाला देऊ की डॉसवाला?’ डॉसवाला काही हजारांनी स्वस्त असतो. ऑनलाइन खरेदी करतानाही वैशिष्ट्यांच्या यादीत तोच शब्द दिसतो, ‘ऑपरेटिंग सिस्टिम : डॉस’. तो लॅपटॉप घेणाऱ्याला डॉस वापरायचं नसतं, आणि हे विकणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. घरी गेल्यावर कुणी त्यावर लिनक्स चढवतं, कुणी ओळखीच्या पोराला चहा पाजून विंडोज ‘मारून’ घेतं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला लावणारी ती जुनी प्रणाली एकदाही न वापरता पुसली जाते. मग ती तिथे असतेच कशाला? कोरी डिस्क ठेवून यंत्र का विकत नाहीत?

हे डॉस मायक्रोसॉफ्टचं नव्हे. एमएस-डॉसचे दिवस भरले, असे संकेत मायक्रोसॉफ्टने १९९४ साली दिले, तेव्हा जिम हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने त्याची मुक्त आवृत्ती लिहायला घेतली. तीच पुढे फ्रीडॉस झाली. हौसेने सुरू झालेला हा प्रकल्प २००२ साली डेल कंपनीच्या कामी आला तो वेगळ्याच कारणाने. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या नव्या परवाना कराराने यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना बजावलं, की कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम नसलेला पीसी विकायचा नाही. उघडं यंत्र विकलं की त्यावर चोरीचं विंडोज चढतं, हा त्यामागचा युक्तिवाद. डेलचे काही ग्राहक मात्र विंडोज नको म्हणत होते. तेव्हा डेलने आपल्या ‘एन’ मालिकेतल्या पीसींच्या खोक्यात फ्रीडॉसची तबकडी टाकून दिली. यंत्रातली डिस्क कोरीच, तबकडी नुसती सोबत. ग्राहकाने ती वापरावी किंवा फेकावी. कराराची अट पुरी झाली.

या घटनेतला ग्राहक कुठे होता? करार दोन कंपन्यांतला, अट त्यांच्यातली, पळवाटही त्यांच्यातलीच. ज्याच्या टेबलावर ते यंत्र जाणार होतं त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि तबकडी हातात पडल्यावर ती का आली हेही त्याला कुणी सांगितलं नाही. हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांची जी गाठ मारली जाते, जिला सगळीकडे ‘व्हेंडर लॉक-इन’ म्हणतात, ती या पुस्तकाचा विषय आहे. त्यातही स्वस्त आणि फुकट प्रणालींची. माझं म्हणणं थोडक्यात इतकंच, की ही गाठ यंत्रातही नसते आणि प्रणालीतही नसते. ती ग्राहक दुकानात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी झालेल्या सौद्यात असते. आणि प्रणाली जितकी स्वस्त, तितकी ती गाठ कमी दिसते, कारण फुकटच्या गोष्टीचं बिल कुणी मागत नाही.

पूर्वी असं नव्हतं. मोठ्या संगणकांच्या जमान्यात आयबीएमचं यंत्र घेतलं की सॉफ्टवेअर त्याच भाड्यात येई. १९६९ साली सरकारी खटल्याची चाहूल लागल्यावर आयबीएमने दोन्हींच्या किमती वेगळ्या करायला घेतल्या, आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो हे जगाला कळलं. डेटा जनरल ही दुसरी कंपनी मात्र आपली आरडॉस ही प्रणाली फक्त आपल्याच नोव्हा यंत्रांसाठी परवान्यावर देत राहिली. नोव्हासारखीच चालणारी यंत्रं बनवणाऱ्यांनी तिला कोर्टात खेचलं आणि १९८४ साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ही जोडगोळी बेकायदा ठरवली. हा निकाल ध्यानात ठेवावा. पुढे ॲपलच्या संदर्भात तो पुन्हा भेटेल. पण या सगळ्या प्रकारांत मालक एकच होता, हार्डवेअर बनवणारा. प्रणाली त्याच्या यंत्राच्या पदराला बांधलेली असे. बांधलेली आहे हे दिसतही असे.

१९८१ साली हे उलटं झालं. आयबीएमने आपला छोटा पीसी बाजारात आणला. त्याच्यासाठी लागणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टने सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहानशा कंपनीकडून एक लाख डॉलरहूनही कमी रकमेत विकत घेऊन पुरवली. आयबीएम त्या पीसीसाठी एकापेक्षा जास्त प्रणाली विकत होती. पीसी-डॉसची किंमत होती ४० डॉलर, आणि तिच्या आधीपासून नावाजलेल्या सीपी/एमच्या नव्या आवृत्तीची २४० डॉलर. लोकांनी काय निवडलं हे सांगायला नको. मायक्रोसॉफ्टने शहाणपणा केला तो किमतीत नव्हे. तीच प्रणाली इतर कुणालाही विकण्याचा हक्क तिने आयबीएमशी करार करताना स्वतःकडे राखला. कॉम्पॅकने आयबीएमच्या पीसीची हुबेहूब चालणारी नक्कल कायदेशीर मार्गाने बनवली, मागोमाग डझनावारी कंपन्या उतरल्या, आणि प्रत्येकीला लागणारी प्रणाली एकाच दारात मिळू लागली. यंत्रं बनवणारे अनेक झाले, प्रणालीवाला एक राहिला.

इथून पुढची जी करामत आहे तिच्यावर या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण आहे, कारण आजच्या फोनपर्यंतचं सगळं तिथे बीजरूपाने सापडतं. मायक्रोसॉफ्टने यंत्र बनवणाऱ्यांना ‘पर प्रोसेसर’ परवाना देऊ केला. अर्थ साधा : तुम्ही अमुक प्रोसेसरची जितकी यंत्रं विकाल तितक्यांचे पैसे आम्हाला द्या, त्यांत आमचं डॉस असो की नसो. बदल्यात दर उतरवून मिळेल. समजा एका कंपनीने लाखभर यंत्रं विकली आणि त्यातल्या दहा हजार गिऱ्हाइकांना डिजिटल रिसर्च या दुसऱ्या कंपनीचं डीआर-डॉस हवं होतं. तर मायक्रोसॉफ्टला लाखाचे पैसे द्यायचे आणि डिजिटल रिसर्चला वर दहा हजारांचे. असा दुहेरी भुर्दंड कोण सोसेल? डीआर-डॉसच्या पाचव्या आवृत्तीचं १९९० साली जाणकारांनी कौतुक केलं होतं, काही बाबतींत ती एमएस-डॉसच्या पुढे होती; पण कारखान्याच्या दारातच तिच्यावर आधीच एक कर बसलेला होता. अमेरिकी सरकारच्या तक्रारीनुसार १९९३ पर्यंत कंपन्यांमार्फत विकल्या जाणाऱ्या एमएस-डॉसपैकी सुमारे ६० टक्के प्रती असल्या परवान्याखाली जात होत्या.

यंत्र बनवणाऱ्यांना बिचारे म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्यांना दर कमी करून मिळत होता, हिशेब सोपा होत होता, आणि तोटा झाला तर तो दहा हजार गिऱ्हाइकांचा, जी कधी तक्रार घेऊन येणार नव्हती. सौदा दोघांच्याही फायद्याचा होता. तिसरा तिथे नव्हताच.

कोर्टकचेरीची कथा लवकर आटपतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९९० मध्ये चौकशी सुरू केली, आयुक्तांची मतं दोन विरुद्ध दोन अशी अडकली, मग न्याय खात्याने प्रकरण हाती घेतलं. जुलै १९९४ मध्ये समझोता झाला आणि मायक्रोसॉफ्टने ‘पर प्रोसेसर’ परवाना सोडला. एका न्यायाधीशाने समझोता फारच पुळचट म्हणून नाकारला, वरच्या कोर्टाने तो नकार फिरवला, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये त्याच्यावर शिक्कामोर्तब झालं. त्याच महिन्यात विंडोज ९५ बाजारात आलं. डीआर-डॉसचा प्रश्न त्या वेळेपर्यंत उरलाच नव्हता.

स्वस्त प्रणालीची गोष्ट सांगायची तर बीओएसची सांगावी. ॲपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांनी काढलेल्या बी कंपनीची ही प्रणाली. चित्रपट आणि आवाजाच्या कामात ती इतकी चपळ होती की त्या काळच्या साध्या पीसीवर एकाच वेळी कितीतरी व्हिडिओ चालवून दाखवणं हा तिच्या प्रात्यक्षिकातला आवडता प्रयोग असे. विंडोजला हुसकावून लावणं आपल्याला झेपणार नाही हे गासेंना कळत होतं. म्हणून त्यांनी कंपन्यांना सांगितलं, की विंडोज ठेवा, शेजारी आमची प्रणालीही ठेवा, यंत्र सुरू होताना ग्राहकाला हवी ती निवडू द्या. पैसे नकोत. शून्य डॉलर.

जपानच्या हिताचीने तयारी दाखवली आणि आपल्या फ्लोरा प्रियस यंत्रांच्या डिस्कवर बीओएस भरून ती विकलीही. पण विकत घेणाऱ्याने यंत्र सुरू केलं की सरळ विंडोज उघडायचं. निवडीचा पडदा येत नसे, विंडोजमध्ये बीओएसचं चिन्हही नसे. प्रणाली डिस्कवर होती, भाडं न देता राहत होती, आणि तिच्याकडे जायचं दार लपवलेलं होतं. ते उघडायचं तर एक फ्लॉपी तयार करून तिच्यावरून यंत्र चालू करावं लागे, आणि त्याच्या सूचना स्वतः शोधून वाचाव्या लागत. कारण यंत्र सुरू होताना काय दिसावं हे ठरवणारा छोटासा प्रोग्रॅम, ज्याला बूटलोडर म्हणतात, तो विंडोजच्या परवान्यातल्या अटींनी बांधलेला होता. बी कंपनीची मालमत्ता २००१ मध्ये पामने १.१ कोटी डॉलरला घेतली. उरलेल्या बीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि २००३ मध्ये तो २.३२५ कोटी डॉलरवर मिटला. म्हणजे प्रणाली विकून मिळाले त्याच्या दुपटीहून जास्त पैसे ती विकू न दिल्याबद्दल मिळाले. असला हिशेब धंद्याच्या इतिहासात दुर्मीळच.

शून्य किमतीची वस्तूही जर कारखान्याच्या दारातून आत जाऊ शकत नसेल, तर किमतीची स्पर्धा हा शब्दच तिथे लागू होत नाही. ‘चांगली आणि स्वस्त प्रणाली असती तर ती खपली असती’, असं म्हणणाऱ्या अर्थशास्त्र्यांनी हिताचीची ती फ्लॉपी एकदा हातात घेऊन बघायला हवी होती.

ग्राहकांनी काहीच केलं नाही असं नाही. विंडोजच्या परवान्यात एक वाक्य होतं : अटी मान्य नसतील तर उत्पादकाकडे परतफेड मागा. १५ फेब्रुवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियात लिनक्सचे चाहते न वापरलेल्या विंडोजचे पैसे मागायला फॉस्टर सिटीतल्या मायक्रोसॉफ्टच्या कचेरीवर चालून गेले. कंपनीने त्यांना उत्पादकाकडे बोट दाखवलं. उत्पादक अनेकदा विक्रेत्याकडे दाखवत, विक्रेता परवान्याकडे. पुढे फ्रान्समध्ये हीच लढाई एका ग्राहकाने कोर्टात नेली. त्याने २००८ मध्ये सोनीचा लॅपटॉप घेतला होता, आत व्हिस्टा होतं, ते त्याला नको होतं. त्याने प्रणालीचे पैसे परत मागितले. कंपनी म्हणाली, वाटल्यास अख्खी खरेदी रद्द करा, ५४९ युरो परत घ्या. सुट्या प्रणालीचे पैसे मिळणार नाहीत. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं. सप्टेंबर २०१६ मध्ये निकाल आला, की प्रणाली आत घालून विकणं हे मुळात गैर नाही, आणि प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी किंमत न सांगणं म्हणजे दिशाभूलही नाही.

खानावळीत गोड खात नाही म्हणून थाळीचे पैसे कमी करा म्हटलं तर मालक हसेल, आणि त्याचं हसणं चुकीचं नाही. न्यायालयाचं तर्कशास्त्र याच जातीचं आहे. फक्त खानावळीच्या बाबतीत गल्लीच्या कोपऱ्यावर दुसरी खानावळ असते, आणि दोन्हींना श्रीखंड पुरवणारा एकच माणूस ‘प्रत्येक थाळीमागे मला पैसे द्या’ असं ठरवून बसलेला नसतो.

नेटबुकचं प्रकरण मला वैयक्तिकरीत्या सगळ्यांत बोलकं वाटतं, कारण तिथे प्रणालीच्या दराने हार्डवेअरचा आकार ठरवला. २००७ च्या शेवटी असुसने सात इंची पडद्याचा ‘ई पीसी’ आणला, त्यात लिनक्स होतं आणि तो धडाक्यात खपला. विंडोज व्हिस्टा असल्या हलक्या यंत्रावर चालणं शक्य नव्हतं, आणि एक्सपीची विक्री तर २००८ च्या मध्यावर बंद व्हायची होती. मायक्रोसॉफ्टने घाईने निर्णय फिरवला : अतिस्वस्त यंत्रांसाठी एक्सपी होम चालू राहील, तेही सवलतीत. सवलतीच्या अटी लवकरच बाहेर आल्या. पडदा १०.२ इंचांपर्यंत, मेमरी १ जीबीपर्यंत, डिस्कलाही मर्यादा. म्हणजे कुणी ११ इंची पडद्याचं, २ जीबी मेमरीचं स्वस्त यंत्र काढलं तर त्याला विंडोज महागात पडणार. पुढची दोन-तीन वर्षं बाजारातली नेटबुकं एका साच्यातून काढल्यासारखी दिसत होती ती उगाच नव्हे. मेमरीच्या दराशी त्या १ जीबीचा फारसा संबंध नव्हता. वर्षभरात नेटबुकांवरचं लिनक्स जवळपास दिसेनासं झालं.

आपल्याकडे या प्रकाराची तोंडओळख आधीच झाली होती. २००५ साली भारतात विंडोज एक्सपीची हिंदी ‘स्टार्टर’ आवृत्ती आली. नव्या स्वस्त पीसीसोबतच मिळायची, सुटी नाही, आणि एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालवू द्यायची. चौथा उघडला की नकार. यंत्राची ताकद नव्हती म्हणून नव्हे; प्रणालीला तसं शिकवलेलं होतं. पुढे विंडोज ७ च्या स्टार्टर आवृत्तीत तीनाची मर्यादा काढली, पण पडद्यामागचं चित्र बदलायची सोय दिली नाही. गरिबाने स्वस्तात घेतलं आहे हे त्याला रोज सकाळी यंत्र उघडताना दिसावं, अशी कुणाची इच्छा होती की काय, कोण जाणे.

ॲपलची गोष्ट मी मुद्दाम आखूड ठेवली आहे. तिथे प्रणाली आणि यंत्र एकाच कंपनीचं, म्हणून सौदा लपलेला नाही. घेणारा डोळे उघडे ठेवून घेतो. १९९५ मध्ये ॲपलने इतरांना मॅकच्या नकला बनवायचा परवाना दिला होता. स्टीव्ह जॉब्स परतल्यावर १९९७ मध्ये त्यांनी तो गुंडाळला. पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅक-धंदा १० कोटी डॉलरच्या शेअरांच्या मोबदल्यात विकत घेतला आणि नव्या प्रणालीला ‘८’ क्रमांक देऊन सातव्या आवृत्तीपुरते असलेले जुने परवाने निरुपयोगी केले. २००८ मध्ये फ्लोरिडाच्या सायस्टार कंपनीने दुकानातून रीतसर घेतलेली मॅक ओएस साध्या पीसीवर घालून तो विकायला काढला. तिने डेटा जनरलच्या निकालाच्या दिशेने युक्तिवाद करून पाहिला, पण मॅक ही स्वतंत्र बाजारपेठ नाहीच, असं कोर्टाने ठरवलं आणि २००९ मध्ये सायस्टार हरली. ॲपलच्या प्रणालीची किंमत १२९ डॉलरवरून त्याच वर्षी २९ वर आली, २०१३ मध्ये शून्यावर. पण ती ॲपलच्याच यंत्रावर चालवायची ही अट कुठल्याही किमतीला हलली नाही. १२९ डॉलरची प्रणाली फुकट झाली म्हणून खूश होणाऱ्याने यंत्राचं बिल पुन्हा एकदा वाचावं.

आणि मग अँड्रॉइड. भारतातला जवळपास प्रत्येक वाचक रोज हातात धरतो ती प्रणाली. तिचा मूळ कोड कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा असा. इथवर सगळं खरं. पण प्ले स्टोअर नसलेला फोन आपल्याकडे कोण घेईल? प्ले स्टोअर हवं तर गूगलशी करार हवा. करारात गूगलची इतर ॲपही आली, शोधाची पट्टी पहिल्याच पडद्यावर आली, आणि त्याआधी एक वेगळाच करार आला : तुमच्या कुठल्याही यंत्रात अँड्रॉइडची बदललेली आवृत्ती वापरायची नाही. कुठल्याही, हे महत्त्वाचं. दहा प्रकारचे फोन बनवणाऱ्या कंपनीने एका स्वस्त फोनवर प्रयोग केला तरी उरलेल्या नऊंचं प्ले स्टोअर पणाला लागे. २०१२ मध्ये एसरने अलिबाबाच्या अलियुन प्रणालीचा फोन काढायचं ठरवलं. शांघायमधला कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. गूगलने दबाव आणल्याचं अलिबाबाने सांगितलं. गूगलचं म्हणणं, अलियुन ही अँड्रॉइडचीच बिघडवलेली आवृत्ती आहे आणि एसरने तसलं काही न करण्याचं वचन दिलेलं आहे. दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगत होत्या, असं मला वाटतं.

‘पर प्रोसेसर’ परवान्यात पैसे होते. इथे पैसेच नव्हते, त्यामुळे दराची तक्रार करायला जागा नव्हती. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये या करारांवरून गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड ठोठावला (तो पुढे थोडा कमी झाला), आणि भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटी रुपयांचा. भारतातल्या अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, आयोगाचे काही आदेश मात्र रद्द केले. दंडापेक्षा मला एक दुसरीच बारीक गोष्ट रोचक वाटते. युरोपात गाठ सोडवावी लागल्यावर गूगलने त्या ॲपसाठी परवाना शुल्क लावलं, आणि तेव्हाच्या बातम्यांनुसार ते फोनमागे ४० डॉलरपर्यंत जात होतं. म्हणजे फुकटच्या गठ्ठ्याला किंमत होती, ती फक्त बिलावर येत नव्हती. १९८१ च्या पीसी-डॉसचाही आकडा ४० च होता, हा निव्वळ योगायोग, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

यावर उपाय म्हणून मुक्त प्रणालींकडे बोट दाखवायची सवय आहे. मोझिलाने फायरफॉक्स ओएस काढली तीच मुळी या तटबंदीला खिंडार पाडायला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतात तिचा फोन १,९९९ रुपयांना मिळू लागला. पुढच्या वर्षाअखेर मोझिलाने फोनमधून अंग काढून घेतलं. तोच कोड घेऊन कायओएस तयार झाली, आणि २०१७ मध्ये ती १,५०० रुपयांच्या परतीच्या अनामतीवर मिळणाऱ्या जिओफोनमध्ये अवतरली. तो फोन एकाच कंपनीचं सिमकार्ड स्वीकारत असे. मोकळेपणाच्या नावाने लिहिलेला कोड गावोगावी पोचला, लक्षावधी लोकांच्या हातात पहिल्यांदा इंटरनेट आलं, आणि सिम बदलायची मुभा मात्र नव्हती. प्रणाली मुक्त असणं आणि ती असलेलं यंत्र मुक्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

बांधून ठेवण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे आणि पुस्तकात ते टाळलेलं नाही. प्रणाली आणि यंत्र एकत्र तपासलेलं असलं की ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. प्रत्येक कंपनीने अँड्रॉइड आपापल्या मर्जीने वाकवलं असतं तर तेच ॲप एका फोनवर चालून दुसऱ्यावर कोसळलं असतं. खात्रीच्या किल्लीने सही केलेलाच प्रोग्रॅम सुरू होऊ देणाऱ्या ‘सिक्युअर बूट’ या सोयीमुळे यंत्र सुरू होतानाच शिरणारे काही विषाणू खरोखर अडतात. फक्त त्याच्या किल्ल्यांपैकी बाजारात सगळीकडे चालणारी किल्ली मायक्रोसॉफ्टकडे आहे, आणि २०१२ च्या विंडोज आरटी टॅब्लेटांवर तर ती सोय बंद करायचा अधिकार मालकालाही नव्हता. विंडोज ११ हे विंडोज १० वरून ‘फुकट’ मिळतं, पण यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर असला तर. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रं एका रात्रीत जुनी ठरली. सुरक्षेचा मुद्दा खरा, आणि नवं यंत्र खपण्यातला आनंदही खरा.

पुण्या-मुंबईच्या जुन्या डीटीपीवाल्यांना कुलूप म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मराठी फॉन्टची पॅकेजं प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलवर चालत. ‘लॉक’ काढलं की मराठी अक्षरं गेली. लॉक हरवलं तर काम ठप्प, म्हणून रात्री ते टेबलाच्या खणात, किल्ली मालकाच्या खिशात. त्या व्यवस्थेला नावं ठेवणारे पुष्कळ होते. तरी तिच्यात एक सरळपणा होता : कुलूप हातात धरता येत होतं, त्याचे पैसे पावतीवर लिहिलेले होते, आणि ते कुणी लावलं हे ठाऊक होतं. अँड्रॉइडच्या कराराची प्रत हातात धरलेला फोनचा एकही ग्राहक मला अजून भेटलेला नाही.

म्हणून हे पुस्तक प्रणालींचं कौतुक किंवा निंदा करत नाही, ‘लिनक्स वापरा’ असंही सांगत नाही. केरळच्या सरकारी शाळांनी गेली अनेक वर्षं मुक्त प्रणालीवर मुलं शिकवली, सी-डॅकने बॉस लिनक्स मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिलं; त्या प्रयत्नांवर वेगळं प्रकरण आहे आणि त्यांत जिथे निराशा झाली तीही नोंदली आहे. प्रिंटरची शाई, मोटारी, ट्रॅक्टर हे विषय मोहात पाडणारे असूनही बाहेर ठेवले. शाळेसाठी, ग्रंथालयासाठी, पतपेढीसाठी पन्नास यंत्रांची खरेदी करणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून मी लिहिलं आहे. निविदेत तो पडदा, मेमरी, प्रोसेसर हे सगळं नीट लिहितो. प्रणालीच्या रकान्यात सवयीने एक नाव टाकतो, किंवा ‘सोबत मिळेल ती’ असं लिहून मोकळा होतो. ती सोबत कशी मिळते याची हकिगत पुढच्या पानांत आहे.

क्रम काळाप्रमाणे आहे, एक अपवाद सोडून. शेवटचं प्रकरण टीव्हीवर आहे, कारण स्वस्त प्रणाली आता तिथे जाऊन बसली आहे आणि फोनमधल्याच अटी घेऊन गेली. स्मार्ट टीव्हीवरच्या अँड्रॉइडच्या करारांबद्दल स्पर्धा आयोगाकडे तक्रार झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये गूगलने २०.२४ कोटी रुपये भरून ती तडजोडीने मिटवली. यापुढे भारतात टीव्ही बनवणाऱ्याला प्ले स्टोअर आणि त्याच्या सेवा इतर ॲपच्या गठ्ठ्याविना, सुट्या घेता येतील. सुट्या घेतल्या तर शुल्क द्यावं लागेल.